सत्तेचाळीसचा आकडा

ऊना पेनरोझनं नवऱ्याचं यंत्र टेबलावर ठेवलं. शेजारी एक कातडी पिशवी ठेवली, एक वही ठेवली आणि स्वतः मात्र उभीच राहिली.

"क्लेमला कुणी मारलं असं मला म्हणायचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं, तर पडलं असेल. मला एवढंच सांगा, की हे असलं यंत्र घेऊन तो त्या घळीत करत काय होता?"

मार्गो हॅलोरननं यंत्र जवळ ओढलं. पंचवीस वर्षं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधून काढल्यावर तिनं बेंडिगो शहरात स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही, म्हणून शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला नेव्हिल पास्को तिच्याबरोबर फिरायचा. गाडी चालवायची, टिपणं घ्यायची आणि मार्गोला काय सुचलं ते सगळ्यात शेवटी समजून घ्यायचं, असं आपलं काम आहे हे नेव्हिल स्वतःच सांगायचा.

त्यालाही इथं विचित्र काय आहे ते कळेना. ऊनाच्या या मलगारा गावात दर दुसऱ्या घरात सोनं शोधायचं यंत्र होतं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. हेही तसंच दिसत होतं, फक्त दांड्यावर एक छोटा पडदा होता.

ऊनानं समजावून सांगितलं. क्लेमचं खरं यंत्र शेडमध्येच होतं. ते नुसतं वाजायचं आणि जे वाजेल ते क्लेम खणायचा. खिळा निघो, छर्रा निघो, घोड्याचा नाल निघो. हे नवं यंत्र पडद्यावर आकडे दाखवायचं. लोखंडाचा आकडा खालचा, चांदीचा वरचा. नाणी हुडकणाऱ्या हौशी लोकांचं खेळणं.

"चाळीस वर्षं तो या आकडेवाल्यांना हसत आला. सोनं आपलं नाव सांगत नाही म्हणायचा. सोन्याचा गोळा लहान-मोठा असेल, मातीत लोह असेल, तसा आकडा बदलतो. आकड्यावर विसंबलं की सोनं मागं राहतं."

मार्गोनं पिशवी टेबलावर रिकामी केली. क्लेम खणून काढलेला कचरा जंगलात टाकत नसे, या पिशवीत भरून घरी आणत असे. पिशवीतून बिअरच्या जुन्या डब्यांच्या सात कड्या निघाल्या. बाकी काही नाही.

"एकही खिळा नाही," ती म्हणाली.

क्लेमच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात ओळी होत्या. ४७, ४६, ४७, ४७, ४८, ४७, ४७.

यंत्र पोलिसांना सापडलं तेव्हाच बंद होतं का, असं मार्गोनं विचारलं. होतं. हेडफोनची वायर नीट गुंडाळून पिशवीत ठेवलेली होती. क्लेमनं जन्मात कधी वायर गुंडाळली नव्हती, त्यावरून त्यांची भांडणं व्हायची.

मग ऊनानं बाकीचं सांगितलं. त्या दिवशी क्लेम काळ्या टेकडीवर जातो म्हणून निघाला. सापडला मात्र उलट्या दिशेला, विणकरांच्या घळीत, काठाला टेकून बसलेला. दुपारी चार वाजता त्याचा जुना मित्र इवो राडिचला तो दिसला. डॉक्टरांच्या मते जीव बाराच्या सुमारास गेला होता. त्याच्या नखांत पांढरी माती गच्च बसली होती. ती ऊनानं स्वतः काडीनं काढली.

उठताना मार्गोला खिडकीतल्या बशीत ठेवलेली अंगठी दिसली. क्लेमची होती. तसलीच, पण लहान, ऊनाच्या बोटात होती. तीस वर्षांपूर्वी सापडलेल्या सोन्याच्या एका गोळ्यातून क्लेमनं तीन अंगठ्या घडवल्या होत्या. तिसरी त्यांच्या मुलाची, लॅकीची. एकविसाव्या वाढदिवसाला दिलेली, बापाच्याच मापाची.

"तो पश्चिमेला गेला," ऊना म्हणाली. "अकरा वर्षं झाली. बापलेकांचं वाजलं होतं. माझ्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही असं क्लेम रागात बोलून गेला. दुसऱ्याच दिवशी त्यानं बॅग भरली. इवोनं त्याला बसवर सोडलं."

त्यानंतर एक पोस्टकार्ड आलं होतं. ऊनानं ते स्वयंपाकाच्या वहीत जपून ठेवलं होतं. समोर पश्चिमेकडच्या कालगुर्लीच्या खाणीचं चित्र, मागं छापील मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं. ठीक आहे. इथं काम मिळालं. काळजी करू नका. शिक्का चौदा ऑगस्टचा.

"नंतर काहीच नाही?"

"काहीच नाही. रमला असेल तिकडं," ऊना म्हणाली आणि कार्ड परत वहीत ठेवलं.

गावात क्लेमचं ज्याच्याशी वाकडं होतं असा माणूस एकच, वेन कटलर. दोन वर्षांपूर्वी एकाच ओढ्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते. वेननं मार्गो आणि नेव्हिलला बघताच सांगून टाकलं की त्या दिवशी तो दात काढायला शहरात गेला होता. उपटलेल्या दाताची जागाही त्यानं तोंड उघडून दाखवली. नेव्हिलनं तीही टिपून घेतली.

माणूस तोंडाळ होता, पण मनानं वाईट नव्हता. त्यांना तो आपल्या गाडीतून घळीपाशी घेऊन गेला.

सकाळचं दव अजून गवतावर होतं. आयर्नबार्कच्या झाडांची काळी खोडं ओळीनं उभी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या खणकांनी घळीचा काठ आतून पोखरून ठेवला होता, आणि गेल्याच्या गेल्या वसंतातल्या पुरानं त्यातला निम्मा वाहून नेला होता.

"या भागात सोन्यासाठी सगळ्यात चांगली जमीन हीच," वेन म्हणाला. "पण इवो इथं पाय टाकत नाही. दहा-अकरा वर्षं झाली. साप आहेत म्हणतो. आता हिवाळ्यात कुठले आलेत साप? क्लेम त्याला चिडवायचा त्यावरून."

मार्गोनं क्लेमनं खणून बुजवलेले खड्डे मोजले. सात होते. प्रत्येकाची थोडी माती तिनं बोटानं उकरून पाहिली.

"लाल," ती नेव्हिलला म्हणाली. "साती लाल."

"इथली माती लालच असते," नेव्हिल म्हणाला.

"वरची," एवढं बोलून ती काठाकडं बघत राहिली. तिथं पायथ्याशी सुकी पानं जरा जास्तच पडली होती. तिनं त्यांना हात लावला नाही.

यंत्रांचं दुकान डॉट फेनर नावाची बाई चालवायची. क्लेमनं ते आकडेवालं यंत्र मरणाआधी सहा आठवडे तिच्याकडूनच घेतलं होतं. ती आधी खूप हसली होती म्हणे. मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाली. काउंटरवर त्यानं थाळीसमोर एकेक वस्तू धरून पाहिली. किल्ली, नाणं, बोटातली अंगठी, डब्याची कडी. असं सगळीच गिऱ्हाइकं करतात.

"मी त्याला सांगितलं, क्लेम, यात सोन्याचा असा वेगळा आकडा नाही बाबा. सोन्याचा दागिना आणि बिअरच्या डब्याची कडी या यंत्राला सारखीच. तो म्हणाला, चालेल, कड्या काढायला माझी ना नाही."

मार्गोनं क्लेमची अंगठी ऊनाकडून मागून आणली होती. ती तिनं थाळीसमोरून नेली. पडद्यावर सत्तेचाळीस. उलट बाजूनं नेली, तरी सत्तेचाळीस. ऊनाच्या मापाची एक सोन्याची अंगठी डॉटच्या बोटात होती. तिचा एकेचाळीस आला. पिशवीतली एक कडी धरली, पुन्हा सत्तेचाळीस.

नेव्हिलनं तीन आकडे लिहून घेतले. परतताना गाडीत त्यानं आपला तर्क मांडला. क्लेमला घळीत कुणाचा तरी पुरलेला ऐवज असल्याचा सुगावा लागला असणार आणि तो इवोनं लांबवला असणार. मार्गोनं तो शांतपणे ऐकून घेतला. "ऐवजाचा आकडा क्लेमला आधीच कसा ठाऊक असेल, नेव्ह?" ती म्हणाली.

इवो राडिच सत्तरीला आलेला, खांद्यानं रुंद, एकटा राहणारा. त्यानं त्यांना कडक कॉफी दिली, कापलेलं सॉसेज आणि पाव पुढं ठेवला. घर लख्ख होतं. शेडमध्ये दोऱ्या, नळ्या, वायरी, सगळं कोपराभोवती गुंडाळून रबरानं बांधलेलं.

तो हळू बोलत होता. क्लेम घरी आला नाही म्हणून शोधायला निघालो, घळीत दिसला, गार पडला होता, मी कशाला हात लावला नाही, सरळ पोलिसांना फोन केला. एवढंच.

भिंतीवर एका माणसाचा फोटो होता, खाली क्रोएशियन भाषेत छापलेलं मयताचं कार्ड. मार्गोनं विचारलं. भाऊ, इवो म्हणाला. खाणीत होता, कालगुर्लीला. त्याच्या मातीला गेलो तेवढाच पश्चिमेला गेलो. कार्डावर मातीची तारीख बारा ऑगस्टची होती. सालही होतं, अकरा वर्षांपूर्वीचं.

नेव्हिलनं साल लिहिलं आणि मगच त्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गोनं ऊनाला आणि इवोला घळीत बोलावलं. ऊना क्लेमचा जाड कोट घालून आली होती, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. इवोनं टोपी काढून हातात धरली.

"ऊना, तुम्ही विचारलं होतं, तो इथं काय करत होता," मार्गो म्हणाली. "आधी तो काय करत नव्हता ते सांगते. तो सोनं शोधत नव्हता. सोनं शोधणारा क्लेम सगळं खणायचा. त्या दिवशी त्याच्या पिशवीत एक खिळा नाही, एक छर्रा नाही. फक्त कड्या. म्हणजे यंत्र शंभर गोष्टी दाखवत होतं आणि तो त्यातली एकच खणत होता. सत्तेचाळीस. मातीतल्या गोळ्याचा आकडा कुणाला आधी सांगता येत नाही. आधी सांगता येतो तो ओळखीच्या वस्तूचा. क्लेमनं दुकानात आपल्याच बोटातली अंगठी थाळीसमोर धरली आणि आकडा पाहून ठेवला. त्या सोन्याची, त्या मापाची दुसरी अंगठी जगात एकच आहे."

ऊनाचा हात कोटाच्या बाहीत आत गेला.

"मरणाआधी सहा आठवडे त्याला काहीतरी कळलं. मला वाटतं, इवोच्या भावाची तारीख. माती बारा ऑगस्टला, लॅकीच्या पोस्टकार्डावर शिक्का चौदाचा, साल तेच, गाव तेच. लॅकीला शेवटचं पाहिलं इवोनं. बसवर सोडलं हे सांगणाराही इवोच. मग क्लेमनं स्वतःला विचारलं असेल, की अकरा वर्षं इवो नेमका कुठं जात नाही?"

इवोची नजर जमिनीवर होती.

"आणि जो माणूस इथं कधी येत नाही, तो क्लेमला शोधायला सरळ इथंच आला. क्लेम तर काळ्या टेकडीवर जातो सांगून निघाला होता. यंत्र बंद होतं. हृदय बंद पडून बसलेला माणूस यंत्राचं बटण बंद करत नाही, वायर कोपराभोवती गुंडाळत नाही. खड्डे सात, साती लाल मातीचे, वरवरचे. क्लेमच्या नखांत पांढरी माती होती. ती इथं खाली आहे, काठाच्या पोटात. आठवा खड्डा क्लेमनं हातांनी खणला. तो दुसऱ्या कुणी बुजवला."

तिनं यंत्र चालू केलं. पायानं पानं बाजूला सारली आणि काठाच्या पायथ्याशी थाळी फिरवली. यंत्र वाजलं, बारीक आणि स्वच्छ. तिनं उलट फिरवली, तसंच वाजलं. नेव्हिल तिच्या मागं उभा होता, त्याला पडद्यावरचा आकडा दिसला.

"सत्तेचाळीस," मार्गो म्हणाली. "हे यंत्र याच्यापुढं काही सांगू शकत नाही. खाली बिअरच्या डब्याची कडी असेल. नसेलही. खणल्याशिवाय मला कळणार नाही, आणि ऊनाच्या देखत मला खणायचं नाही. तुम्ही सांगा, इवो."

इवो खाली बसला. टोपी हातात तशीच.

"कडी नाही," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. लॅकीची बॅग त्याच्या गाडीत होती, बस सुटायला दोन तास होते. जाता जाता एकदा खणून जाऊ, पोरगा म्हणाला, बापाला दाखवण्याजोगं काही मिळालं तर जायचंच नाही. पोखरलेल्या काठात पोराला नेऊ नकोस, असं क्लेमनं इवोला दहादा बजावलं होतं. तरी नेलं. काठ खचला. इवो बाहेर होता, पोरगा आत.

"उद्या सांगू म्हणालो. मग परवा. मग भाऊ गेला, मी तिकडं होतो, दुकानात ती कार्डं होती. ऊना, तू रोज टपालाची पेटी बघायचीस. मी ते तुझ्यासाठी लिहिलं असं स्वतःला सांगितलं."

"आणि क्लेम?" ऊनानं विचारलं.

मरणाच्या दोन दिवस आधी क्लेमनं, खात्री करायला म्हणून, त्याला भाऊ कोणत्या महिन्यात गेला ते विचारलं होतं. तेव्हाच इवोला कळून चुकलं. त्या दिवशी तो घळीत आला तेव्हा क्लेम काठाला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा, मुठीत अंगठी. इवो गाडीकडं धावला, पाणी घेऊन आला, तोवर संपलं होतं. नंतर चार तास तो शेजारी बसून राहिला. अंगठी परत होती तिथं ठेवली, माती लोटली.

"काही बोलला?"

"एकच विचारलं त्यानं. किती वेळ लागला पोराला."

"मग?"

"लगेच गेला म्हणालो. त्याला कळलंसुद्धा नाही म्हणालो."

एक मॅगपाय पक्षी खाली उतरला, चार पावलं चालला, उडून गेला. मग ऊना इवोला म्हणाली, "अकरा वर्षं नाताळला माझ्या टेबलावर जेवलास तू." आवाज चढला नव्हता. मार्गोनं तिला धरलं आणि दोघी गाडीकडं चढून गेल्या. पोलिसांना कळवायचं होतं.

नेव्हिल इवोपाशी थांबला. त्यानं आपला रुमाल पुढं केला. इवोनं तो घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला.

"लगेच नाही गेला," इवो म्हणाला.

नेव्हिलला आधी कळलंच नाही.

"पोरगा आतून बोलत होता. सकाळी नऊपासून. मी हातांनी उकरत होतो, फावडं आत राहिलं होतं. जवळचं घर गाडीनं पाऊण तासावर. मी मदत आणतो म्हणालो. तो म्हणाला, जाऊ नको इवो, मला एकट्याला सोडून जाऊ नको. दर वेळी उठलो की हाक मारायचा. मी नाही गेलो. दोन वाजता आवाज थांबला." थोड्या वेळानं तो म्हणाला, "गेलो असतो तर वाचला असता. राहिलो म्हणून गेला. हे मी कुठल्या तोंडानं सांगू तिला?"

वर रस्त्यावर पोलिसांची गाडी आली, तसं नेव्हिलनं त्याला हात देऊन उठवलं.

परतताना ऊना पुढं बसली, मार्गो मागं. वॉटलच्या झाडांची सोनेरी फुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नुकती उमलायला लागली होती. गावाची पाटी आली तेव्हा ऊनानं समोरच बघत विचारलं,

"तुम्ही थांबला होतात त्याच्यापाशी. आणखी काही म्हणाला?"

नेव्हिलनं आरशात पाहिलं. मार्गोचे डोळे त्याच्यावर होते.

"नाही," तो म्हणाला. "तेच परत परत म्हणत होता. लगेच गेला म्हणून."

ऊनानं मान हलवली. "क्लेम ऐकून गेला ते बरं झालं," ती म्हणाली.

घरापाशी उतरून ती दारापर्यंत गेली आणि टपालाच्या पेटीवरून हात फिरवून, न उघडताच, आत गेली.

नेव्हिलनं गाडी लगेच सुरू केली नाही. मार्गो उतरून पुढं येऊन बसली. ती आता विचारणार, याची त्याला खात्री होती. त्याचा चेहरा वाचायला तिला यंत्र लागत नव्हतं. तिनं सीटचा पट्टा लावला.

"अहवाल मी लिहीन," ती म्हणाली. "तुझी आजची टिपणं मला नकोत."

त्यानं वहीतलं ते पान फाडलं. त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, तरी त्यानं ते बारीक घडी करून खिशात ठेवलं आणि गाडी बेंडिगोच्या रस्त्याला लावली.